गुल्लिककाकांचा गुडघा

गुल्लिक ब्रोटेन एक हिवाळा आमच्या जिल्ह्याचे आमदार होते. त्या हिवाळ्यात विधानसभेत ते जेवढं बोलले, तेवढं एका पोस्टकार्डावर मावेल. कामगिरी केली ती त्यांच्या उजव्या गुडघ्यानं. मी तिथं होतो. वरच्या सज्जात, दोन्ही हातांनी कठडा पकडून. अजून माझा माझ्याच डोळ्यांवर पुरता विश्वास बसलेला नाही.

मी साहित्य शिकलेला माणूस. कॉलेजात चार वर्षं मी जुन्या रोमन लोकांची भाषणं पाठ केली. राज्यं वक्तृत्वानं हलतात असं मला शिकवलं होतं. मग मी अमेरिकेत मिनेसोटाच्या गवताळ प्रेअरीवर शाळामास्तर झालो आणि ब्रोटेनांच्या घरी राहायला-जेवायला लागलो. पहिल्या आठवड्यात काकांनी मला गाय धुवायला लावली. दुसऱ्या आठवड्यात विचारलं, "मास्तर, त्या रोमन लोकांकडे गहू कसा मोजायचे?" मला माहीत नव्हतं. त्यांनी मान हलवली. माझ्या शिक्षणाबद्दल त्यांना पहिल्यांदाच वाईट वाटलं असावं.

काका नॉर्वेतल्या हालिंगदाल खोऱ्यातले. खोरं इतकं अरुंद की सूर्य नोव्हेंबरात डोंगराआड जायचा तो फेब्रुवारीत परत यायचा. शेत उभ्या चढावर. "आमच्याकडे बटाटा खणला की तो शेजाऱ्याच्या अंगणात जाऊन थांबायचा," ते सांगत. बाविसाव्या वर्षी ते जहाजात बसले. सोबत नवी नवरी, बिर्गित. आणि एक पेटी. पेटीत लोकरीचे कपडे, प्रार्थनेचं पुस्तक आणि बापानं दिलेलं लाकडी माप. "जमीन कुठंही मिळेल," बाप म्हणाला होता, "माप मात्र इथलं ने."

पहिली दोन वर्षं दोघं टेकडीच्या पोटात खणलेल्या घरात राहिले. एकदा वर चरणारी गाय छत फोडून खाली आली. बिर्गितकाकू भाकरी थापत होत्या. त्यांनी वर पाहिलं, गायीकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "आधी कळवलं असतंस तर कॉफी जास्त टाकली असती." ही गोष्ट आमच्या वस्तीत सगळ्यांना पाठ आहे. गायीसकट.

आता मापाचं सांगतो, कारण सगळं त्यावरच आहे.

आमच्या वस्तीत शेजाऱ्याला धान्य देताना माप नुसतं भरत नाहीत. भरायचं. गुडघ्यावर दोनदा ठोकायचं. दाणे खाली बसले की पुन्हा भरायचं. वर शीग. न ठोकता दिलेल्या मापाला आमच्याकडे एक नाव आहे, ते इथं लिहिण्यासारखं नाही. लहान मुलीसुद्धा वाटीभर पीठ उसनं देताना वाटी गुडघ्यावर आपटतात. का, ते कुणी सांगत नाही. पाय चालताना जसा पुढं पडतो, तसा गुडघा वर येतो.

मग टोळ आले. चार वर्षं. त्यांनी गहू खाल्ला. जमिनीत शिरून कांदे खाल्ले. दोरीवर वाळणारे कपडे खाल्ले. फावड्याच्या दांड्याला माणसाच्या घामाचं मीठ असतं म्हणून तोही कुरतडला. पाचव्या वर्षी एका सकाळी ते ढगासारखे उठले आणि गेले. कुणाकडेच बियाणं उरलं नव्हतं. काकांकडे होतं. आदल्या हिवाळ्यात ते पूर्वेकडे दूरच्या जिल्ह्यात मळणीच्या कामाला गेले होते आणि मजुरीत पैसे न घेता गहू घेऊन आले होते. तो त्यांनी अकरा घरांना वाटला. प्रत्येक माप ठोकून. "त्या दिवशी त्याचा गुडघा जांभळा पडला होता," काकू सांगतात. "मी म्हटलं, अरे, आता पुरे, न ठोकता दे. तर म्हणतो कसा, मी ठोकतच नाहीये गं, गुडघाच आपोआप वर येतोय!"

त्या बियाण्याचं पीक अठराशे अठ्ठ्याहत्तरच्या सप्टेंबरात आलं. मी तसा गहू पाहिलेला नाही. मूठ भरली की हाताला जड लागायचा. मी, साहित्याचा पदवीधर, गव्हाच्या राशीसमोर टोपी काढून उभा राहिलो.

गहू अकरा मैलांवर स्टेशनाशेजारच्या कोठारात विकायचा. कोठार कंपनीचं. कंपनीचा माणूस हायरम टटल. त्याच्याकडे पितळेचं एक छोटं मापटं होतं. पोत्यातला पसाभर गहू त्यात घ्यायचा, वरून पट्टी फिरवून सपाट करायचा, मापटं काट्याला टांगायचं. त्यावरून काटा पुऱ्या मोठ्या मापाचं वजन पौंडांत दाखवायचा. अठ्ठावन्न किंवा वर गेला की एक नंबर. पंचावन्नच्या खाली राहिला की तीन नंबर. त्या पसाभर दाण्यांवर अख्ख्या गाडीचा भाव ठरायचा.

टटल वाईट दिसायचा नाही. लालबुंद, हसरा, बोलका. बोलायला त्याला एकच विषय होता, त्याची घोडी क्वीनी.

"या या ब्रोटेन! बायको बरी आहे ना? क्वीनीला पाहिलंस का तू? परवा स्टेशनापासून पुलापर्यंत आगगाडीच्या बरोबरीनं पळाली, शपथेवर!"

आणि हे बोलता बोलता त्याचा हात पोत्यात जायचा. गहू भुरभुर, पिसासारखा मापट्यात उतरायचा. पट्टी फिरायची. घोडी पुलापाशी पोचायच्या आत मापटं काट्याला लागलेलं असायचं.

"तीन नंबर!" काकांचा गहू टांगून टटल ओरडला.

मागं चाळीस गाड्या उभ्या होत्या. काका खाली उतरले.

"पुन्हा मोजा."

"पुन्हा? हे बघ, काटा काही लुथरन पंथाचा नाही की मेथडिस्ट पंथाचा नाही. तो कुणाची बाजू घेत नाही." टटलनं आवाज चढवला, सगळ्यांना ऐकू जावं म्हणून. "गव्हात काहीतरी मिसळलंयस तू."

"मिसळलंय?"

"कोंडा, माती, मला काय ठाऊक? तुझं तुला माहीत."

काकांनी चाळीस गाड्यांकडे पाहिलं. त्यांतली अकरा माणसं त्यांच्या बियाण्यावर उभी होती. त्यांचाही गहू पुढं तीन नंबर ठरला, पण त्यांना कुणी मिसळलंय म्हटलं नाही. काकांनी गाडी वळवली. अकरा मैल गहू परत आणला, कणगीत ओतला आणि कणगीला कुलूप लावलं. आमच्याकडे पेटीलाही कुलूप नसतं.

शेजारचा ओस्मुंड हा काकांचा जुना दोस्त. जहाजातला. जीभ वस्तऱ्यासारखी. रविवारी चर्चच्या दारात तो म्हणाला, "काय रे तीन नंबर, आज प्रार्थना तरी एक नंबरची करणार का?" सगळे हसले. काकाही हसले. पण नाव चिकटलं. पुढच्या आठवड्यात माझ्या शाळेत एक पोरगी वहीत ब्रोटेनांच्या घराचं चित्र काढून खाली '३' लिहून घेऊन आली. तिच्या मनात काही वाकडं नव्हतं. मी ती वही काकांना दाखवली नाही. त्यांनी ती पाहिलीच.

त्या रात्री जेवताना ते एकच वाक्य बोलले. "माझ्या बापाचं माप आहे ते."

ऑक्टोबरात माझ्याच शाळेत सभा भरली. आमच्या भागातून विधानसभेला कोण उभं राहणार ते ठरवायला. दोन इच्छुक तीन तास एकमेकांना खात होते. शेगडी विझत आली. काका उठले, लाकडं घालायला. लाकडं घालता घालता, आमच्याकडे पाठ करूनच ते बोलले.

"माझा गहू एक नंबरचा आहे. कुणाला तीन नंबरचा वाटत असेल तर त्यानं माझ्या घरी येऊन भाकरी खावी."

शेगडीचं दार लावलं आणि जागेवर जाऊन बसले.

ओस्मुंड उभा राहिला. "यालाच पाठवा!"

"त्याला इंग्रजी धड येत नाही," एक इच्छुक म्हणाला.

"मग तर उत्तमच. खोटं कोणत्या भाषेत बोलेल?"

एकसष्ट मतांनी निवडून आले. निकाल कळला तेव्हा ते डुकरांना खायला घालत होते. "बरं," म्हणाले. मग बादली खाली ठेवली. मग पुन्हा उचलली. मला वाटतं ते घाबरले होते.

विधेयक आम्ही दोघांनी मिळून लिहिलं. चार ओळींचं. मापटं शेतकऱ्यासमोर भरायचं, दोनदा ठोकायचं, पुन्हा भरायचं, मगच काट्याला टांगायचं. बस्स. भाषण मात्र मी एकट्यानं लिहिलं. चौदा पानं. त्यात रोम होतं, जुलमी राजे होते, समुद्राच्या लाटा होत्या. मला ते फार आवडलं होतं. काका दूध काढताना ते पाठ करत.

"जमतंय का?" मी विचारलं.

"मला जमतंय. तांबडी दूध कमी द्यायला लागली."

जानेवारीत ते राजधानीला गेले. फेब्रुवारीत विधेयकाची तारीख लागली तेव्हा काकूंनी मला अंगणात गाठलं.

"मास्तर, तू जा त्याच्याकडे."

"शाळा आहे, काकू."

"शाळा कुठं पळून जात नाही. अरे, त्याला इंग्रजी समजतं, पण इंग्रजीत राग येत नाही. तुझा राग त्याला उसना दे."

मी शाळेला आठवडाभर सुटी दिली. पोरांनी माझा जयजयकार केला. काकूंनी माझ्या गळ्यात दोन पोती अडकवली. कणगीतला गहू. कुलूप त्या दिवशी पहिल्यांदा उघडलं.

सभागृह मोठं, उबदार, तंबाखूच्या वासाचं. काका शेवटच्या बाकावर. त्या दिवशी त्यांनी कामाची जुनी विजार घातली होती.

"काका, ही काय? चांगली विजार कुठंय?"

"गव्हाचं काम आहे. चांगली कशाला मळवू?"

कंपनीनं आपली बाजू मांडायला साक्षात टटललाच आणलं होतं. त्याचं पितळी मापटं आणि काटा घेऊन. तो नव्या कोटात पहिल्या रांगेत बसला होता आणि आजूबाजूच्या आमदारांना घोडीबद्दल सांगत होता. सभापतींनी दोन्ही बाजूंना मधल्या टेबलावर दाखवायचं ते दाखवायची परवानगी दिली. काट्यावरचा आकडा सभागृहाचा कारकून वाचणार होता.

काका उठले. मी सज्जात माझ्या चौदा पानांचं पहिलं वाक्य ओठांनी पुटपुटत होतो. त्यांनी तोंड उघडलं. मिटलं. पुन्हा उघडलं.

"सभापतीमहाराज," ते म्हणाले, "मी दाखवतो."

रोम तिथंच बुडालं.

"गहू एकच. मापटं एकच. भरायची रीत दोन. आधी माझी." त्यांनी गहू भरला, ठोकला, पुन्हा भरला, पट्टी फिरवली. कारकुनानं वाचलं, "एकोणसाठ."

सज्जात कुजबुज झाली. एक नंबरच्याही वर!

"आता कोठारातली." त्यांनी मापटं रिकामं केलं. गहू ओंजळीत घेतला. भुरभुर सोडायला लागले, अगदी टटल सोडायचा तसा. मी श्वास रोखला. मापटं काठोकाठ भरलं आणि काकांचा उजवा गुडघा वर आला.

ठक. ठक.

त्यांना कळलंही नाही. दाणे खाली बसले, त्यांनी पुन्हा भरले, पट्टी फिरवली.

"एकोणसाठ," कारकून म्हणाला.

काकांनी काट्याकडे पाहिलं. चेहरा पांढरा पडला. मला ओरडावंसं वाटत होतं, काका, गुडघा! पण सज्जातल्या माणसानं बोलायचं नसतं. मी कठडा दाबला.

"पुन्हा करतो," ते म्हणाले. पुन्हा भुरभुर. पुन्हा ठक ठक. पुन्हा एकोणसाठ.

आता लोक हसायला लागले. एक मिशाळ आमदार खुर्चीत डोलत होता. "वा! दोन रीती, तीन वेळा, एकच वजन! मोठाच चमत्कार!"

तिसऱ्यांदा काकांना कळलं. त्यांनी डाव्या हातानं गुडघा दाबून धरला. पण मग मापटं धरायला हात कमी पडला. ते निसटलं, टेबलावर आपटलं, गहू गालिच्यावर सांडला.

मी आजवर इतकं मोठं हसणं ऐकलेलं नाही. छताची झुंबरं किणकिणली.

टटल उठला. खोटं दुःख चेहऱ्यावर आणून म्हणाला, "सभापतीमहाराज, मी काय बोलू? या गृहस्थांनी माझी साक्ष माझ्यापेक्षा चांगली दिली. मापटं खोटं बोलत नाही. या वेळी गव्हातून कोंडा काढून आणलाय, एवढाच फरक."

काकांनी ते ऐकलं की नाही कोण जाणे. ते गालिच्यावर बसून गहू वेचत होते. एकेक दाणा. सगळं सभागृह त्यांच्याकडे बघत होतं. हळूहळू हसणं उतरलं. माणूस दाणे वेचत असताना किती वेळ हसणार? त्यांतले निम्मे शेतकऱ्यांचेच मुलगे होते.

शेवटचा दाणा पोत्यात टाकून ते तसेच बसून राहिले. स्वतःच्या विजारीकडे बघत. डावा गुडघा शाबूत होता. उजव्यावर काकूंनी लावलेलं ठिगळ होतं. ठिगळावर दुसरं ठिगळ. आणि तेही झिजलेलं. त्यांनी त्यावर बोट फिरवलं. मग मान वर केली, ती सरळ टटलच्या हातांकडे.

त्यांच्या डोक्यात काय चाललंय ते मला कळलं नाही. पण काहीतरी चाललं होतं.

ते उभे राहिले. "सभापतीमहाराज, मला नाही जमत. टटलसाहेब तरबेज आहेत. त्यांनी करून दाखवावं."

"मी?" टटलनं आजूबाजूला पाहिलं.

"करा, करा!" मिशाळ आमदार म्हणाला. "एकदाचं संपवून टाका!" सज्जातूनही टाळ्या पडल्या. टटलला टाळ्या आवडत. तो हसत पुढं आला, बाह्या सारल्या आणि फार काळजीपूर्वक, मापटं हलवत हलवत, गच्च भरायला लागला. तो मूर्ख नव्हता.

"असं नाही," काका म्हणाले. "आपण सप्टेंबरात करतो तसं. मी गाडी घेऊन येतो."

त्यांनी पोतं खांद्यावर टाकलं. सभागृहाच्या दाराबाहेर गेले. हॅट डोक्यावर चढवली. आणि दार ढकलून आत आले, वाकलेले, दमलेले, अकरा मैल आल्यासारखे. लोकांना गंमत वाटायला लागली. काही जण खुर्च्यांवरून पुढं झुकले.

"राम राम टटलसाहेब," काका म्हणाले. म्हणजे इंग्रजीत जे म्हणतात ते.

"या या ब्रोटेन!" टटल रंगात आला. "बायको बरी आहे ना?"

"बरी आहे. क्वीनी कशी आहे?"

टटलचा चेहरा उजळला. तो खराखुरा उजळला, खोटा नाही.

"क्वीनी? अरे, काय सांगू तुला!"

"यंदा नदी गोठल्यावर बर्फावर पळवलीत म्हणे?"

"पळवली? उडवली! त्या डॉक्टरचा काळा घोडा सुरुवातीला पुढं होता बरं का. मी लगाम ढिला ठेवलेला..." टटलचा हात पोत्यात गेला. "...वळणापाशी मी फक्त जीभ वाजवली, एवढीच, टक्..." गहू भुरभुर उतरायला लागला. पिसासारखा. "...आणि ती जी सुटली! डॉक्टरची टोपी उडाली, बर्फाचा धुरळा..." पट्टी फिरली. "...मागं वळून बघतो तर काळा घोडा हा एवढासा!" मापटं काट्याला लागलं. टटलनं काट्याकडे एक नजर टाकली आणि कोठाराच्या अंगणात ओरडतो तसा खड्या आवाजात ओरडला,

"तीन नंबर!"

सगळ्या माना काट्याकडे वळल्या.

कारकून पुढं वाकला. चष्मा पुसला. "चोपन्न," तो म्हणाला. "तेच पोतं. चोपन्न."

टटल तसाच उभा. हात अजून काट्याजवळ. तोंड अजून 'नंबर'वर उघडं. त्याला स्वतःचाच आवाज ऐकू आला होता. माझी खात्री आहे, इतकी वर्षं आपला हात काय करतो हे त्यालाही त्या क्षणीच पुरतं दिसलं.

आणि मग मी ओरडलो. नियम, शिष्टाचार, चार वर्षांचं शिक्षण, सगळं विसरून ओरडलो.

"मिस्टर टटल, गव्हात काय मिसळलंत?"

राजकारणातलं माझं तेवढंच भाषण. मला सज्जातून बाहेर काढलं. पण दार बंद व्हायच्या आत मी तो आवाज ऐकला. अख्खं सभागृह बाकं बडवत होतं. मिशाळ आमदारसुद्धा.

दुसऱ्या दिवशी मतदान झालं. बावन्न विरुद्ध सत्तेचाळीस. विधेयक मंजूर! मी रस्त्यात बर्फावर नाचलो. काका मला धरून म्हणाले, "मास्तर, पडशील." मग स्वतःच घसरून पडले आणि पडल्या पडल्या हसत राहिले. साठ वर्षांच्या म्हाताऱ्यासारखे नाही, पोरासारखे. तेव्हा ते सत्तेचाळीस वर्षांचे होते.

पण कायदा व्हायला वरच्या सभागृहाची मंजुरी लागते. तिथं कागदांचा ढीग होता. अधिवेशन साठ दिवसांचं. मार्चात साठावा दिवस उजाडला, संपला, आणि आमच्या चार ओळी ढिगातच राहिल्या.

परतीच्या गाडीत काका खिडकीबाहेर बघत होते. वितळतं बर्फ, काळी जमीन. त्यांनी खिशातून माझी चौदा पानं काढून मला परत दिली.

"छान आहे," म्हणाले. "पण यात गहू नाही."

थोड्या वेळानं म्हणाले, "तिकडच्या सगळ्यांनी पाहिलं. आपल्या लोकांनी कुठं पाहिलंय? त्यांच्यासाठी मी अजून तीन नंबरच."

मी म्हणालो, सगळ्यांना कळलंय, वर्तमानपत्रात आलंय. ते म्हणाले, "वर्तमानपत्रात उन्हाळ्यात बर्फ पडल्याचंही येतं."

काकूंनी दारातच विचारलं, "झाला कायदा?"

"नाही."

"गहू?"

"आणलाय परत."

"मग ओत कणगीत. कॉफी गार होतेय."

पुन्हा कुलूप लागलं. ओस्मुंड त्या वसंतात 'तीन नंबर' म्हणाला नाही. दुसरं काही म्हणायचं त्याला सुचेना, म्हणून तो गप्प राहिला. ओस्मुंड गप्प म्हणजे वस्तीला आजारी वाटायला लागलं. पण माझ्या शाळेतली ती पोरगी एक दिवस पाणी पिण्याचा पेला घेऊन आली आणि गुडघ्यावर दोनदा आपटून म्हणाली, "मास्तर, टटलला हेच येत नाही ना?" मला तेव्हा कळलं की गोष्ट घरोघर पोचलीय. मी काकांना सांगितलं नाही. आनंद वाटला तरी.

सप्टेंबर आला. नवा गहू झाला. काकांनी नवा गहू घरी ठेवला आणि गाडीत गेल्या वर्षीचा भरला. तोच. मी सोबत गेलो. कोठारापुढं पुन्हा चाळीसएक गाड्या. आम्ही तिसरे.

टटल बाहेर आला. यंदा घोडीबद्दल काही नाही. बायकोबद्दलही नाही. त्यानं काकांकडे न बघता मापटं उचललं. पोत्यात हात घातला. गहू भुरभुर उतरायला लागला. कायदा नव्हता. त्याला कुणी अडवू शकत नव्हतं.

मापटं भरलं. त्यानं पट्टी हातात घेतली.

मागं कुठंतरी आवाज झाला. ठक. ठक.

ओस्मुंड गाडीवर बसला होता. गुडघा गाडीच्या फळीवर आपटत. नजर आकाशात, पावसाचा अंदाज घेत असल्यासारखी.

मग त्याच्या मागच्या गाडीवर. ठक. ठक. मग तिच्या मागच्या. ज्या अकरा जणांना बियाणं मिळालं होतं ते. मग ज्यांना मिळालं नव्हतं तेही. रस्त्याच्या वळणापर्यंत, जिथल्या माणसांना पुढं काय चाललंय ते दिसतही नव्हतं, तिथपर्यंत. चाळीस गाड्यांच्या फळ्या. घोडे कान टवकारून उभे.

काका पुतळ्यासारखे उभे होते. त्यांचा गुडघा तेवढा हलत नव्हता.

टटलच्या हातातली पट्टी थांबली. त्यानं रांगेकडे पाहिलं. मान लाल झाली, मग कान. मग त्यानं पट्टी बाजूला ठेवली, मापटं खाली घेतलं आणि अवघडून, लंगड्या माणसासारखा, स्वतःचा गुडघा वर केला.

ठक. ठक.

दाणे दोन बोटं खाली बसले. त्यानं वरून भरलं. पट्टी फिरवली. काट्याला टांगलं. एकोणसाठच्या जवळ.

"एक नंबर," तो पुटपुटला.

"वाऱ्यामुळं ऐकू आलं नाही रे!" ओस्मुंड मागून ओरडला. वारा नव्हता.

"एक नंबर!" टटल ओरडला.

एकाएकी सगळे टोप्या उडवायला लागले. कुणीतरी माझ्या पाठीत बुक्का घातला, कुणी ते मला अजून माहीत नाही. ओस्मुंड गाडीवर उभा राहून म्हणत होता, "ऐकलंत का? एक नंबर! माझ्या जहाजातला माणूस आहे!" माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं आणि मी साहित्याचा पदवीधर असूनही मला एक शब्द सुचत नव्हता.

काकांनी हॅट काढली, कपाळ पुसलं, पुन्हा घातली. मग गाडीला टेकून उभे राहिले. घाई नसलेल्या माणसासारखे.

"बरं, टटल," ते म्हणाले. "आता सांग. घोडी कशी आहे?"